जुना छापील चिपाओ: विकत घेण्याआधी कापड वाचायला शिका

मुंबईत चिनी रेशीम म्हटलं की पारशी गारा साडी डोळ्यांपुढे येते, म्हणजे भरतकाम. चिनी पोशाखांच्या बाजारातही तीच आवड चालते. भरतकामाच्या अंगरख्यांवर संग्राहक तुटून पडतात आणि 1920 ते 1960च्या दशकांतला छापील चिपाओ मागे राहतो. चिपाओ म्हणजे उंच कॉलरचा, बाजूला चिरा असलेला चिनी स्त्रियांचा एकअंगी पोशाख. तो रोजच्या वापराचा. ऑफिसात, बाजारात, सिनेमाला जाताना अंगावर असायचा. धुऊन-धुऊन विरायचा, आणि मग त्याची मुलींसाठी झबली किंवा गोधडीचे तुकडे व्हायचे. चीनमध्ये 1966 नंतर ‘जुन्या’ गोष्टींवर जी मोहीम निघाली तिच्यातही पुष्कळ गेले. जे उरले त्यांत शांघाय आणि हाँगकाँगच्या त्या काळातली नक्षीची जाण शाबूत आहे. भौमितिक आकृत्या, ठिपके, गुलाब, तिरपे पट्टे, अमूर्त फटकारे सगळं त्यात सापडतं.

हा लेख पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आहे. एक नियम सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं त्याभोवती फिरतं. चिपाओत तीन साक्षीदार असतात: छपाई, बेत म्हणजे कापड कापून शिवण्याची पद्धत, आणि जोडसामान, म्हणजे बटणं, चेन, दोरा. तिघांनी एकाच दशकाकडे बोट दाखवलं तर पुढे जा. एकाची साक्ष वेगळी पडली तर त्याचं कारण सापडेपर्यंत पैसे देऊ नका.

1. जवळ काय हवं

- 10 पट मोठं दाखवणारं भिंग. सोनाराकडचं चालतं.
- कापडी मोजपट्टी. धातूची नको, तिच्या कडेला धागे अडकतात.
- 365 नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. नोटा तपासायच्या स्वस्त टॉर्च बहुधा 395च्या असतात, त्यांच्या जांभळ्या उजेडात फरक नीट दिसत नाही.
- धुतलेली पांढरी सुती चादर, कपडा पसरायला.
- पेन नको, पेन्सिल. शाईचा एक थेंब पुरे होतो.
- हात धुऊन कोरडे केलेले, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. क्रीम लावलेलं नको.

शोधताना ‘चिपाओ’ आणि ‘चेओंगसाम’ ही दोन्ही नावं वापरा. हाँगकाँग, सिंगापूर, मलेशियाचे विक्रेते दुसरं नाव वापरतात, आणि एकाच नावाने शोधलंत तर अर्धा बाजार दिसतच नाही.

2. आधी बेत बघा, दशक तिथे कळतं

1920च्या दशकातला चिपाओ सैल आणि सरळ असतो. बाह्या कोपरापर्यंत किंवा त्याखाली, टोकाला घंटेसारख्या रुंद. 1929 साली चीनच्या सरकारने पोशाखाचे नियम काढले आणि त्यांत चिपाओला स्त्रियांच्या औपचारिक पोशाखाचं स्थान मिळालं. पुढे तो अंगाबरोबर येत गेला. 1930च्या दशकाच्या मध्यावर घेर पावलांपर्यंत लोळायचा, कॉलर उंच, बाह्या आखूड, बाजूच्या चिरा लांब. दशक संपताना घेर पुन्हा वर सरकला. 1940च्या दशकात बाह्या अगदी छोट्या किंवा नाहीतच, कॉलर खाली आलेली, लांबी पोटरीपर्यंत.

1949 नंतर शांघायचे बरेच शिंपी हाँगकाँगला गेले. तिथे 1950 आणि 60च्या दशकांत कमरेला आणि छातीला डार्ट (कापड अंगाबरोबर बसावं म्हणून शिवलेल्या निमुळत्या चुण्या), खांद्यावर शिवण, वेगळी लावलेली बाही, बाजूला चेन असा घट्ट बेत रूढ झाला. 60च्या दशकात लांबी गुडघ्याच्या वर गेली. हाँगकाँगचं चेओंगसाम शिवण्याचं कसब 2021 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं गेलं. त्या शिवणीबद्दल माहिती मिळवायची असेल तर तिथून सुरुवात करा.

सगळ्यात कामाची खूण खांद्यावर असते. जुन्या पद्धतीत कापड खांद्यावर दुमडून पुढचा-मागचा भाग एकसंध बेतला जायचा. खांद्याला शिवण नाही, डार्ट नाही, बाहीचा वरचा भाग अंगाच्याच कापडाचा. 1930च्या दशकाच्या शेवटी पाश्चात्त्य शिवणीतून खांद्याची शिवण आणि डार्ट शिरू लागले आणि 50च्या दशकात सर्रास झाले. त्यामुळे ‘1925चा’ म्हणून दाखवलेल्या कपड्यावर छातीला डार्ट दिसला, तर तो एक तर त्या काळचा नाही, नाही तर पुढे उसवून नव्याने शिवलाय.

आता हाच एकसंध बेत छपाईशी काय करतो ते बघा. कापड खांद्यावर दुमडलेलं, म्हणजे पुढे सरळ उभं असलेलं फूल पाठीवर उलटं लटकणार. एकाच दिशेची नक्षी अशा बेताला नडते. सर्व दिशांना विखुरलेली फुलं, ठिपके, चौकडी, आडवे पट्टे मात्र त्यात सहज बसतात. एखाद्या 1930च्या चिपाओवर नक्षी पुढे सरळ आणि मागे उलटी दिसली तर त्याला दोष समजू नका, एकसंध बेताचा तो पुरावा आहे. आणि खांद्यावर शिवण नसताना पुढे-मागे दोन्हीकडे देठ खालीच असतील तर खांदा पुन्हा बघा. कुठे तरी जोड लपवलेला असेल, किंवा कापड खास त्या बेतासाठी छापलेलं असेल. दुसरी शक्यता क्वचितच खरी ठरते.

डार्ट नसल्यामुळे नक्षी कॉलरपासून घेरापर्यंत सलग वाहते. कला म्हणून भिंतीवर लावायचा असेल तर माझं मत असं की पहिला चिपाओ असाच घ्यावा. 50च्या दशकातले अंगावर देखणे दिसतात, पण डार्टने फूल मधोमध चिमटलं जातं.

3. छपाई भिंगाखाली

कपडा चादरीवर पसरा आणि आतल्या बाजूच्या शिवणीजवळचा भाग बघा. तिथे ऊन लागलेलं नसतं, रंग मूळचे असतात.

*रूळ छपाई.* तांब्याच्या कोरलेल्या रुळांवरून कापड जातं, प्रत्येक रंगाला वेगळा रूळ. रेषा केसासारख्या बारीक असतात. सावली दाखवायला बारीक रेघोट्या किंवा ठिपके कोरलेले असतात, भिंगात ते लगेच दिसतात. नक्षी रुळाच्या घेरानुसार पुन्हा येते, त्यामुळे तिचा उभा आवर्त सहसा 40 सेंमीच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो. मोजपट्टी लावून एका फुलापासून हुबेहूब त्याच फुलापर्यंत मोजा.

*पडदा छपाई.* जाळीच्या चौकटीतून रंग ओढला जातो. रंग सपाट, भरीव, कडा किंचित फुगीर. आवर्त मोठा असू शकतो. हाताने पडदे सरकवलेले असतील तर दोन चौकटींच्या सांध्यावर बारीक दुहेरी रेघ किंवा फट सापडते.

*रंग उडवून केलेली छपाई.* आधी सगळं कापड गडद रंगवतात, मग रसायनाने नक्षीपुरता रंग काढतात. उलटी बाजू बघा. साध्या छपाईत पाठ फिकट असते. इथे मात्र गडद पार्श्वभूमी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखीच असते. काळ्या किंवा निळ्या पार्श्वभूमीवर लख्ख पांढरे ठिपके असले तर बहुधा हीच पद्धत.

*ताण्यावर छपाई.* विणण्याआधी उभे धागे छापलेले असतात. कडा पाण्यात विरघळल्यासारख्या धूसर, आणि धूसरपणा फक्त उभ्या दिशेने. चारही बाजूंना धूसर असेल तर रंग पसरलाय.

*डिजिटल छपाई.* भिंगात इंकजेट प्रिंटरसारखे विखुरलेले तीन-चार रंगांचे सूक्ष्म कण दिसतात. पाठ जवळजवळ कोरी. असं दिसलं की भिंग ठेवा आणि निघा, मग विक्रेता आजीची पेटी सांगो की शांघायची हवेली.

दोन रंग एकमेकांवर नेमके न बसल्याने पाकळीच्या कडेला पांढरी फट राहिली असेल तर बिचकू नका. रुळांच्या छपाईत ते नेहमीचं आहे, आणि अशा एखाद्या फटीमुळे कपडा जिवंत वाटतो. मात्र ती चूक संपूर्ण कपड्यावर एकाच दिशेने, सारखीच असायला हवी. एका भागात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे सरकलेली असेल, तर त्यातला एखादा भाग उलटा बेतलेला असू शकतो. तसं नसेल तर दोन वेगवेगळे कपडे जोडून एक केलाय.

4. शिंप्याने नक्षी कशी हाताळली?

छापील चिपाओची खरी किंमत इथे ठरते, आणि नवखे नेमकं इथेच लक्ष देत नाहीत. कॉलरपासून उजव्या काखेपर्यंत जाणारी तिरकी पट्टी बघा. चांगला शिंपी वरच्या आणि खालच्या थरातली नक्षी इतकी जुळवतो की बंद केल्यावर फूल तुटत नाही. चौकडीच्या कापडात रेघा बाजूच्या शिवणीवर भेटतात. कॉलरच्या दोन टोकांवर नक्षी आरशातल्यासारखी आहे का तेही पाहा.

मग गोट. साध्या रंगाचा, दोन-तीन मिलिमीटरचा बारीक गोट छापील कापडाला चौकट देतो, आणि त्याचा रंग बहुतेक वेळा नक्षीतलाच एखादा दुय्यम रंग असतो. पार्श्वभूमी निळी, फुलं पांढरी, परागांना चिमूटभर लाल आणि गोट त्याच लालाचा, ही निवड करणाऱ्याला नजर होती. गोट चकचकीत पॉलिएस्टरचा असेल तर तो बदललेला आहे.

पट्टी परिधान करणाऱ्याच्या उजवीकडे बंद होते. समोरून काढलेल्या फोटोत ती बघणाऱ्याच्या डावीकडे दिसते. उजवीकडे दिसली तर आधी फोटो उलटा झालाय का विचारा. दोन्ही बाजूंना पट्टी असलेला प्रकारही असतो, त्यात एक बाजू बहुधा नुसती शोभेची.

5. कापड आणि धागा

सुती, रेशमी, जॉर्जेट, मखमल, नकली रेशीम म्हणजे रेयॉन, सगळं सापडतं. रेयॉनला कमी लेखू नका. 1930च्या शांघायमध्ये ते नवं आणि हवंहवंसं होतं, आणि काही उत्तम छपाया त्यावरच आहेत. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणून ते कधीही धुवू नका.

सुती चिपाओंत इंडान्थ्रीन रंगांचं नाव वारंवार येईल. हे रंग जर्मनीत 1901 मध्ये शोधले गेले. रंग उडत नाही ही त्यांची जाहिरात शांघायच्या कॅलेंडरांवर सुंदर तरुणींच्या चित्रांसह झळकायची. त्यामुळे ‘इतका ताजा रंग म्हणजे नवं कापड’ हा तर्क इथे चालत नाही.

कॅलेंडरांबद्दल एक इशारा. त्यांवर वर्ष छापलेलं असतं म्हणून लोक त्यांवरून कपड्याचा काळ ठरवतात, पण चित्रकार कपडा हवा तसा गोड करायचा. त्यापेक्षा 1926 मध्ये शांघायमधून सुरू झालेल्या ‘लियांगयू’ या मासिकातली छायाचित्रं जास्त भरवशाची.

अतिनील टॉर्च अंधारात मारा. कापड किंवा दोरा निळसर-पांढरा पेटल्यासारखा चमकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे. ते 1940च्या दशकानंतर साबणात आणि कापडात रुळलं. सगळं कापड चमकलं तर नंतरच्या साबणात धुतल्यानेही असू शकतं, पण फक्त शिवणीचा दोरा चमकत असेल तर शिवण नवी आहे.

जाळून पाहण्याची परीक्षा सगळे सांगतात. विक्रेत्याने परवानगी दिली, आणि शिवणीच्या आत सुटलेला सेंटीमीटरभर धागा मिळाला, तरच करा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात. वितळून कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा: पॉलिएस्टर असेल तर कपडा 1950च्या आधीचा नाही.

6. बटणं, चेन, लेबल

गाठीची बटणं तिरक्या कापलेल्या कापडाच्या पट्टीची असतात. फुलाच्या आकाराच्या बटणांत पट्टीला आकार देण्यासाठी आत बारीक तांब्याची तार असते, आणि जुन्या तारेभोवती कापडावर हिरवट डाग दिसतो. बटणांची ही पट्टी आणि कॉलर दोन्ही खळीने कडक केलेल्या असतात. ही खळ कसरीचं आवडतं खाणं, म्हणून कॉलरची आतली घडी भिंगाने तपासाच.

गाठीच्या बटणांच्या जोडीला टिचबटणं 1930च्या दशकापासून दिसतात. बाजूची चेन त्याच्या नंतरची. धातूच्या दातांची चेन 40-50च्या दशकांतल्या कपड्यावर साहजिक, नायलॉनच्या वेटोळ्याची 60च्या दशकापासून. चेन एकटीच नवी असेल तर ती बदललेली असू शकते. कापडावर जुन्या टाक्यांची भोकं किंवा टिचबटणाच्या गंजाचे गोल डाग शोधा.

जुने चिपाओ शिंप्याकडून मापाने शिवलेले, त्यामुळे लेबल बहुधा नसतंच. हाँगकाँगच्या शिंप्याचं विणलेलं लेबल असेल तर ते मोलाचं. ‘एम’, ‘एल’ अशी मापं लिहिलेली असतील तर तो तयार कपडा, आणि ‘तीसच्या दशकातला’ म्हणून त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

7. नुकसान: कुठलं चालेल, कुठलं नाही

कपडा खिडकीच्या उजेडापुढे धरा. काखा, कॉलरची घडी, चिरांची वरची टोकं, बसायचा भाग, या चार जागी आधी विरतं.

चालेल: खाली सोडलेला किंवा वर दुमडलेला घेर. 30च्या दशकातले लांब चिपाओ पुढच्या दशकात आखूड केले गेले. आतल्या दुमडीत जुनी घडीरेषा आणि न उडालेला रंग सापडतो. त्यातून कपड्याचा प्रवास कळतो, फक्त किंमत त्याप्रमाणे लावा. नीट केलेलं जुनं रफूही चालेल.

चालणार नाही: रेशमाला पडलेल्या समांतर, सरळ चिरा. त्या काळात रेशमाचं वजन वाढवायला कथलाचे क्षार भरायचे, ते धागा आतून खातात. हे थांबत नाही, उलटत नाही. तसंच, नक्षीतल्या काळ्या-तपकिरी बाह्यरेषा कागदासारख्या तडकून गळत असतील तर रंगातल्या लोहाने किंवा आम्लाने कापड खाल्लंय. फूल शाबूत आणि भोवतालची रेघ गायब असा कपडा विचित्र देखणा दिसतो, पण घडी घालताच आणखी गळतो.

अ‍ॅसिटेट या कृत्रिम कापडावर निळा रंग लालसर झाला असेल तर ते उन्हामुळेच असेल असं नाही. हवेतल्या धुरातले वायूही तसं करतात. झाकलेल्या जागीही रंग बदललेला असला तर हेच कारण समजा.

आणखी एक सापळा. नाटक-सिनेमाचे आणि फोटो स्टुडिओंचे कपडे ‘जुने’ म्हणून येतात. पाठीला लांब चेन, आत वेल्क्रो, घाईची यंत्रशिलाई, शिवणीत मोठी मोकळी दुमड: हे घालून-काढून वापरायचे कपडे. आणि सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या कापडाचा नवा चिपाओ. तिथे कापड पास होतं, दोरा नापास.

8. पैसे देण्याआधी

विक्रेत्याकडून हे फोटो मागा: दिवसाच्या उजेडात पुढून-मागून, आतली बाजू, काखा, कॉलर, घेराची दुमड, आणि मोजपट्टी ठेवून नक्षीचा जवळचा फोटो. आतली बाजू दाखवायला कोणी टाळाटाळ केली तर सौदा तिथेच सोडा.

कागदपत्रं अशी ठेवा:

- कपड्याचं वर्णन, साहित्य आणि अंदाजे दशक लिहिलेलं बिल.
- आधीच्या मालकाबद्दल विक्रेत्याने लेखी दिलेलं काहीही, जुने फोटो असतील तर त्यांच्या प्रती.
- चीनमधून थेट घेत असाल तर निर्यातीला मंजुरी असल्याचा कागद. 1949 पूर्वीच्या सांस्कृतिक वस्तूंवर तिथे निर्यातीची तपासणी असते.

भारतात मागवणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: आपल्या आयात धोरणात वापरलेले कपडे निर्बंधित गटात येतात, आणि पुराणवस्तूंचा गट 100 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी आहे. म्हणजे 1935चा चिपाओ त्या गटात बसत नाही. पार्सल निघण्याआधी कस्टम्स एजंटशी बोला, वर्गीकरण लेखी घ्या. ‘गिफ्ट’ लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, पार्सल अडकलं तर दंड तुम्ही भरता. लंडन, सिंगापूर किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सोपं जातं, पण तिथलेही नियम आधी वाचा.

नजर तयार व्हायला हांगचौचं चायना नॅशनल सिल्क म्युझियम आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांचे ऑनलाइन संग्रह फुकट आहेत. पन्नासेक कपडे झूम करून पाहिल्यावर पहिली खरेदी करा.

9. घरी आल्यावर

थेट कपाटात ठेवू नका. आधी कीड. कपडा आम्लरहित कागदात गुंडाळा, पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर बाष्प कापडावर जमतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड नसतो, थर्मामीटर ठेवून बघा. मखमल, मणी किंवा तडकलेलं रेशीम असेल तर फ्रीझर टाळा आणि वस्त्रसंवर्धकाला विचारा.

धूळ काढायला व्हॅक्युम क्लीनरचा ओढा कमीत कमी करा, नळीला नायलॉनची जाळी बांधा, कापडाला टेकवू नका. धुणं, ड्रायक्लीन, वाफेची इस्त्री नको.

ठेवायचं आडवं, लटकवून नाही. हँगरवर सगळं वजन खांद्यावर येतं. घडी कमीत कमी, आणि प्रत्येक घडीत आम्लरहित कागदाची गुंडाळी, म्हणजे धारदार चुणी पडत नाही. टिचबटणं आणि फुलबटणांमध्ये कागद घाला, गंज पलीकडे उमटत नाही. वरून धुतलेल्या मलमलीचं वेष्टण, पैठणीला घालतो तसंच. डांबर गोळ्या, कापूर, कडुनिंबाचा पाला कापडाला लागू देऊ नका. पाल्याचा डाग तर जात नाही.

पावसाळ्यात कोकणपट्टीत खरी परीक्षा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. पेटीत आर्द्रतामापक ठेवा, 50च्या आसपास काटा राहील एवढी सिलिका जेल ठेवा, जेल रंग बदलताच तापवून पुन्हा वापरा. पेटी बाहेरच्या भिंतीला लावू नका.

10. मांडायचा असेल तर

एकसंध बेताचा चिपाओ सपाट पसरतो, म्हणून उतरत्या, पॅड लावलेल्या फळीवर तो उत्तम दिसतो. त्याला छाती भरलेल्या पुतळ्यावर चढवलं तर खांदे ओढले जातात आणि नक्षी वाकडी होते. डार्टवाल्याला मात्र पुतळा हवाच, आणि तो कपड्याच्या मापापेक्षा लहान घेऊन वाडिंगने, म्हणजे मऊ भरावाने, भरायचा, उलट नाही.

उजेड 50 लक्सच्या आत. फोनवरच्या लक्समापकाने अंदाज येतो. फ्रेम असेल तर अतिनील रोखणारं अ‍ॅक्रिलिक, आणि ते कापडाला टेकता कामा नये. तीन-चार महिने मांडला की वर्षभर पेटीत.

प्रत्येक कपड्याची एक नोंद करा: लांबी, छाती, घेर, कॉलरची उंची, चिरेची लांबी, नक्षीचा उभा-आडवा आवर्त, रंगांची संख्या, छपाईचा प्रकार, दुरुस्त्या. नोंदीचा क्रमांक सुती फितीवर पेन्सिलने लिहून, आतल्या शिवणीला दोन सैल टाक्यांनी लावा. स्टिकर नको, त्याचा गोंद पुढच्या उन्हाळ्यात कापडात उतरतो.